स्नो गूजच्या शिकारीत डिकॉयची मांडणी: शेत निवडण्यापासून शेवटची काठी मोजेपर्यंत

बुजगावणे पाखरांना शेतातून उठवण्यासाठी उभारतात, तर डिकॉय, म्हणजे पक्ष्यासारखा दिसणारा नकली पक्षी, नेमके उलटे काम करतो: तो पाखरांना खाली ओढतो. उत्तर अमेरिकेत स्नो गूज या पांढऱ्या रानहंसाच्या शिकारीत हे उलटे काम जितके अवघड आहे तितके ते क्वचितच दुसऱ्या कुठल्या पाणपक्ष्याच्या बाबतीत असेल. हा पक्षी वीस वर्षांहून अधिक जगू शकतो. १९९९ मध्ये टेक्सासमध्ये मारलेला, पायात ओळखीची कडी घातलेला एक पक्षी किमान २७ वर्षे ६ महिन्यांचा होता. म्हणजे डोक्यावर घिरट्या घालणाऱ्या थव्यातील अनेक जाणत्या पक्ष्यांनी शिकाऱ्यांच्या मांडण्या दरवर्षी, लुइझियानाच्या भातशेतांपासून मॅनिटोबापर्यंत, वरून पाहिलेल्या असतात. म्हणून नवशिक्याचा पहिला प्रश्न ‘डिकॉय किती लागतील?’ हा असतो, तो माझ्या मते चौथा असायला हवा. आधी जागा, मग वारा, मग हालचाल आणि त्यानंतर संख्या, या क्रमाने विचार केला तर तीनशे डिकॉयही पुरतात आणि क्रम उलटा केला तर दीड हजारही वाया जातात.

हा लेख अमेरिका आणि कॅनडात राहणाऱ्या व तेथे परवाना घेऊन शिकार करणाऱ्या मराठी वाचकांसाठी आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने वन्य पक्ष्यांच्या शिकारीस बंदी आहे, त्यामुळे जायकवाडीला उतरणाऱ्या पट्टकादंबांकडे दुर्बिणीतूनच पाहावे.

आधी कागदपत्रे

स्नो गूजची शिकार दोन वेगवेगळ्या नियमांखाली होते आणि या दोन्हींची गल्लत करणे महागात पडते. शरद आणि हिवाळ्यातील नेहमीच्या हंगामात दिवसाला किती पक्षी मारता येतील याची मर्यादा असते, बंदुकीत एका वेळी तीनच काडतुसे बसतील अशी अडसर लावावी लागते आणि ध्वनिमुद्रित आवाज वाजवण्यावर सहसा बंदी असते. वसंतात मात्र अनेक राज्यांत ‘लाइट गूज कन्झर्वेशन ऑर्डर’, म्हणजे या रानहंसांची संख्या आटोक्यात आणण्यासाठीचा खास आदेश, लागू होते. ती १९९९ मध्ये सुरू झाली, कारण मका, गहू आणि भाताच्या शेतांत सांडलेल्या दाण्यावर पोसून या पक्ष्यांची संख्या कित्येक पटींनी वाढली आणि हडसन बेच्या किनाऱ्यावर त्यांनी गवत मुळासकट उपटून टुंड्राचे मोठे पट्टे उजाड केले. उघडी पडलेली जमीन खारट होते आणि तेथे गवत पुन्हा सहजी उगवत नाही. या आदेशाखाली पक्ष्यांचा ध्वनिमुद्रित आवाज वाजवणारे यंत्र (इलेक्ट्रॉनिक कॉलर) चालते, काडतुसांची अडसर काढता येते आणि सूर्यास्तानंतर अर्धा तासपर्यंत गोळी झाडता येते. तारखा, परवाने आणि स्टॅम्प यांचे नियम राज्यागणिक बदलतात, म्हणून त्या वर्षीचे राज्याचे पत्रक वाचल्याशिवाय बाहेर पडू नये. शिशाचे छर्रे पाणपक्ष्यांसाठी अमेरिकेत १९९१ पासून देशभर बंद आहेत. स्टील किंवा इतर मान्य बिनविषारी छर्रेच वापरावे लागतात. शेतात दाणे टाकून पक्षी ओढणे आणि जिवंत पक्षी डिकॉय म्हणून बांधणे या दोन्ही गोष्टी १९३५ पासून निषिद्ध आहेत.

आपल्यापैकी अनेकांना लागू होणारी एक बाब स्वतंत्रपणे सांगतो. विद्यार्थी, पर्यटक किंवा एच-१बी यांसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या व्यक्तीला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने बंदूक आणि काडतुसे बाळगण्यास सर्वसाधारण मनाई आहे आणि वैध शिकार परवाना हा त्या मनाईला असलेला एक अपवाद आहे. ग्रीनकार्डधारकांना ही मनाई लागू नाही. मित्राची बंदूक ‘जरा धरून बघतो’ असे म्हणण्यापूर्वीही परवाना खिशात असावा आणि शंका असेल तर वकिलाला विचारावे.

शेत शोधणे

डिकॉयची मांडणी खरे तर आदल्या दिवशीच्या संध्याकाळी सुरू होते. स्नो गूज रात्र तलावावर, दलदलीत किंवा पाणी साचलेल्या मोठ्या सखल भागात काढतात. या रातथाऱ्यावरून ते सकाळी चरायला निघतात, दुपारी बहुधा पाण्यावर परततात आणि संध्याकाळी पुन्हा शेतात जातात. मिसुरीतील लोएस ब्लफ्स किंवा नेब्रास्कातील रेनवॉटर बेसिन यांसारख्या प्रसिद्ध मुक्कामांच्या आसपास हा दिनक्रम गाडीत बसून सहज दिसतो. संध्याकाळी थवा ज्या शेतात चरत होता तेच शेत, शक्य असेल तर त्या शेतातला तोच तुकडा, दुसऱ्या दिवशी सकाळी आपल्याला हवा असतो. दुर्बिणीने पाहताना तीन गोष्टी टिपून ठेवाव्यात: पक्षी धसकटात आहेत की कोवळ्या गव्हात, शेताच्या मध्यावर आहेत की एखाद्या उंचवट्यावर आणि पांढऱ्या पक्ष्यांत करडी पिल्ले किती आहेत. पिल्ले भरपूर असतील तर दुसरा दिवस सोपा जातो, कारण गेल्या उन्हाळ्यात जन्मलेली ही पिल्ले डिकॉयवर विश्वास ठेवतात. वसंतात वितळत्या बर्फाच्या रेषेमागोमाग उत्तरेला सरकणारे पहिले थवे जवळजवळ निव्वळ प्रौढ पक्ष्यांचे असतात आणि पिल्ले काही आठवड्यांनी मागून येतात. सुट्टी एकच असेल तर ती हंगामाच्या उत्तरार्धात घ्यावी.

पक्षी चरत असलेले शेत मिळाले नाही, तर रातथारा आणि चराऊ शेते यांच्या मधल्या मार्गावर मांडणी करावी लागते. अशा वेळी पक्ष्यांना मुद्दाम खाली ओढायचे असते, म्हणून येथे संख्या खरोखर कामाला येते. चरण्याच्या नेमक्या जागी तीनशे डिकॉय जे करतात, ते वाटेवर हजाराला जमेलच असे नाही.

शेतमालकाची परवानगी आधी, आणि जमल्यास लेखी घ्यावी. हिवाळी गहू फस्त होत असल्याने शेतकरी अनेकदा आनंदाने हो म्हणतात, परंतु वसंतातल्या ओल्या जमिनीत गाडी घालून चाकोऱ्या पाडणाऱ्याला दुसऱ्यांदा हो म्हणत नाहीत. डिकॉय घसरगाडीवर लादून पायी ओढत न्यावेत. घाम फुटतो, पण शेत हातचे जात नाही.

कोणते डिकॉय घ्यावेत

माणूस हे काम फार पूर्वीपासून करत आला आहे. नेवाडातील लव्हलॉक गुहेत १९२४ मध्ये लव्हाळ्याच्या काड्या वळून केलेली बदकांची डिकॉय सापडली आणि ती सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची आहेत. टेक्सासच्या भातशेतांत तर शिकारी धसकटांवर नुसत्या पांढऱ्या चिंध्या टाकून स्नो गूज उतरवत असत. आज चार प्रकार प्रामुख्याने दिसतात.

विंडसॉक म्हणजे टायवेकसारख्या हलक्या पांढऱ्या कापडाची पिशवी, पुढे प्लॅस्टिकचे डोके आणि मधून जमिनीत रोवायची काठी. वारा पिशवीत शिरला की ती फुगते आणि पक्षी चालत असल्यासारखी डोलते. हे डिकॉय स्वस्त आणि वजनाने हलके असल्याने वसंतातल्या मोठ्या मांडणीचा कणा हेच असतात. सपाट सिल्युएट, म्हणजे पक्ष्याच्या आकारात कापलेले पातळ फलक, त्याहून टिकाऊ असतात आणि वारा नसतानाही उभे राहतात. ते वेगवेगळ्या कोनांत रोवले की उडत्या पक्ष्याला काही दिसतात, काही कडेवरून दिसेनासे होतात आणि त्यातून हालचालीचा भास निर्माण होतो. फुल-बॉडी डिकॉय सर्वांत खरे दिसतात, परंतु ते महाग असतात आणि पन्नास नगांतच ट्रेलर भरतो. चौथा प्रकार उडत्या डिकॉयचा, त्याविषयी पुढे.

चार शिकाऱ्यांच्या गटाने सुरुवातीला पाचशे ते सहाशे विंडसॉक, चार डझन फुल-बॉडी आणि एक फिरते यंत्र घ्यावे असे मी सुचवेन. दहातले एक-दोन डिकॉय निळ्या रूपाचे, म्हणजे गडद अंगाचे आणि पांढऱ्या डोक्याचे, असावेत आणि थोडे करडे पिल्लांचे असावेत; निव्वळ पांढरा थवा निसर्गात क्वचितच असतो आणि गडद ठिपक्यांमुळे लपलेल्या माणसांच्या सावल्याही थोड्या झाकल्या जातात.

मांडणी: वाऱ्याला डोके, वाऱ्याला पाठ

सूर्योदयाच्या किमान अडीच तास आधी शेतात पोहोचावे. चार माणसांना सहाशे विंडसॉक रोवायला दीड ते दोन तास सहज लागतात आणि जमीन गोठलेली असेल तर त्याहून अधिक. गोठलेल्या जमिनीत काठ्या ठोकत बसू नये. बॅटरीवर चालणारी ड्रिल आणि लांब बिट घेऊन एकाने भोके पाडत पुढे जावे आणि दुसऱ्याने मागून काठ्या खोचाव्यात. पहिल्या वर्षी आम्ही ड्रिल घरी विसरलो होतो. उजाडले तेव्हा अर्ध्याहून अधिक डिकॉय पिशव्यांतच होते आणि पहिला थवा आमच्या डोक्यावरून गेला तेव्हा आम्ही चौघेही उभे होतो.

सर्वप्रथम वाऱ्याची दिशा पक्की करावी, कारण रानहंस नेहमी वाऱ्याला तोंड देऊन उतरतात. वारा जिकडून येतो ते मांडणीचे डोके आणि जिकडे जातो ती शेपटी असे धरू. शिकाऱ्यांनी वाऱ्याला पाठ करून शेपटीकडे तोंड करून पडावे, म्हणजे पक्षी समोरून येतात. शिकाऱ्यांच्या समोर पंधरा ते वीस पावलांवर सुमारे वीस यार्ड रुंदीची मोकळी जागा सोडावी. उतरणाऱ्या पक्ष्यांसाठी हेच अंगण. शिकाऱ्यांच्या आजूबाजूला आणि पाठीमागे डोक्याकडे डिकॉय दाट असावेत, कारण चरणारा थवा पुढच्या टोकाला दाटलेला असतो, आणि अंगणाच्या दोन्ही बाजूंनी शेपटीकडे दोन सैल हात लांबत जावेत. एकूण लांबी शंभर-सव्वाशे पावले आणि रुंदी चाळीस-पन्नास पावले झाली तरी चालते. आकार इंग्रजी यू अक्षरासारखा हवा, पण रेखीव नको. वरून पाहणाऱ्याला यू दिसला तर आपण चुकलो.

दोन डिकॉयमधले अंतर कुठे एक पाऊल, कुठे तीन पावले ठेवावे. पंगतीसारख्या ओळी अजिबात पडू देऊ नयेत. भाताची लावणी करणाऱ्या घरातून आलेल्या हातांना ही सवय मोडायला वेळ लागतो असे माझे निरीक्षण आहे. पन्नास काठ्यांचा भारा काखेत घेऊन वेडेवाकडे चालत राहावे आणि मनाला येईल तेथे खोचावे, हीच उत्तम पद्धत. फुल-बॉडी अंगणाच्या कडेला आणि शिकाऱ्यांच्या जवळ ठेवावेत, कारण शेवटच्या साठ यार्डांत पक्षी त्याच भागाकडे निरखून पाहतात. विंडसॉकनी लांबचा विस्तार भरावा.

वारा ताशी आठ ते वीस मैल असेल तर विंडसॉक आपोआप काम करतात. पाच मैलांच्या खाली मात्र त्या लोंबतात आणि वरून शेतात पडलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांसारख्या दिसतात. अशा सकाळी निम्म्याहून अधिक विंडसॉक काढून फुल-बॉडी आणि सिल्युएटची लहान मांडणी करणे शहाणपणाचे ठरते. नवशिक्याला हा निर्णय जड जातो, कारण विकत घेतलेल्या वस्तू पिशवीत ठेवायच्या म्हणजे पैसे बुडाल्यासारखे वाटते.

वारा दिवसात फिरतोच. तो काटकोनात फिरला तर सहाशे डिकॉय हलवायच्या भानगडीत न पडता आधी शिकाऱ्यांच्या जागा आणि समोरचे अंगण हलवावे, मग जवळच्या फुल-बॉडींची तोंडे वाऱ्याकडे फिरवावीत. बहुतेक विंडसॉक काठीभोवती स्वतःच वळतात.

हालचाल आणि लपणे

चरणारा स्नो गूजचा थवा कधीच स्थिर नसतो. मागचे पक्षी रिकाम्या झालेल्या जागेवरून उठून पुढच्यांच्या डोक्यावरून झेप घेत ताज्या दाण्यावर उतरतात, त्यामुळे दुरून पाहिले तर संपूर्ण थवा शेतातून गडगडत पुढे चालल्यासारखा दिसतो. ही लोळण दाखवण्यासाठी उडते डिकॉय वापरतात. लवचीक फायबरग्लासच्या उंच काठ्यांवर पंख पसरलेले काही डिकॉय अंगणाच्या कडेला, वाऱ्याला तोंड करून लावावेत. अंगणाच्या मधोमध लावल्यास उतरायची जागाच अडते. बॅटरीवर फिरणारे दोन किंवा चार हातांचे यंत्र असेल तर ते शिकाऱ्यांपासून पंधरा-वीस पावले बाजूला आणि किंचित डोक्याकडे ठेवावे, कारण पक्ष्यांची नजर त्यावर खिळते आणि ती नजर आपल्यावर पडायला नको असते. थवा जवळ येऊन बिचकू लागला तर यंत्र रिमोटने बंद करून पाहावे.

लपण्याचे दोन मार्ग आहेत. डिकॉय दाट असतील किंवा जमिनीवर बर्फ असेल तर पांढरा सूट, पांढरी टोपी आणि तोंडावर पांढरी जाळी घालून डिकॉयमध्येच पाठीवर पडावे. उघड्या तपकिरी जमिनीवर लेआउट ब्लाइंड, म्हणजे आत आडवे पडून लपायचा बुटका आडोसा, वापरावे आणि त्यावर त्याच शेतातली धसकटे खोचावीत. शेजारच्या शेतातले गवत रंगाने वेगळे असते. पक्षी बिचकण्याची कारणे शोधताना मी पहिला संशय लपण्यावर घेतो, डिकॉयवर नाही. मान वर करून पाहणारा उघडा चेहरा, चकाकणारे घड्याळ, रिकामी काडतुसे, ब्लाइंडभोवती तुडवलेला बर्फ हे सारे दोनशे फुटांवरून स्पष्ट दिसते. पहाटेच्या दहिवराने फुल-बॉडी चमकू लागतात, म्हणून एक मऊ ब्रश जवळ ठेवावा आणि ऊन येण्याआधी त्यांच्या पाठी झाडून घ्याव्यात.

आवाजाबाबत एवढेच, की जेथे कायद्याने परवानगी आहे तेथेही एका मोठ्या स्पीकरपेक्षा मांडणीत विखुरलेले तीन-चार लहान स्पीकर बरे. लांबच्या थव्यासाठी आवाज मोठा असावा आणि पक्षी पंख पसरून खाली येऊ लागले की तो हळूहळू उतरवत चरण्याच्या कुजबुजीवर आणावा.

थवा डोक्यावर आला की

स्नो गूज सरळ येऊन उतरत नाहीत. उंचावरून चक्राकार घिरट्या घालत, थर खाली आणि वर असे ते भोवऱ्यासारखे उतरतात आणि सर्वांत खालचा थर साठ यार्डांवर असताना वर शंभर डोळे अजून आपल्याला तपासत असतात. गोळीचा शब्द एकाच माणसाने द्यावा आणि बाकीच्यांनी तोपर्यंत हलू नये. तीस-पस्तीस यार्डांच्या आत आलेलाच पक्षी मारावा. स्टीलचे छर्रे शिशापेक्षा हलके असल्याने त्यांचा जोर लवकर ओसरतो आणि दूरची गोळी पक्ष्याला जायबंदी करून सोडते. एका पक्ष्यावर नजर ठेवावी, पांढऱ्या ढगावर नाही.

त्याआधी ओळख पटलेली असावी, हे मी सर्वांत ठामपणे सांगेन. नेब्रास्का, कॅन्सस आणि डाकोटा राज्यांवरून वसंतात हूपिंग क्रेन हा अत्यंत दुर्मीळ, संरक्षित क्रौंच जातो. तोही पांढरा आणि त्याच्याही पंखांची टोके काळी. त्याची मान लांब ताठ असते आणि पाय शेपटीच्या बरेच मागे लोंबतात, तर स्नो गूजचे पाय मागे दिसत नाहीत. पांढऱ्या पेलिकनच्या पंखांची मागची कडही काळी असते. हंस पूर्ण पांढरे असतात. झुंजूमुंजूला निळ्या रूपाचा स्नो गूज आणि व्हाइट-फ्रंटेड गूज यांचीही गल्लत होते आणि वसंतातल्या आदेशात त्या दुसऱ्याला मारण्याची परवानगी नसते. प्रकाश कमी असेल तर थांबावे.

पक्षी येतात पण उतरत नाहीत, अशा वेळी ते कोठे बिचकतात ते पाहावे. दर वेळी एकाच बाजूला सरकत असतील तर त्या बाजूचे कोणते तरी ब्लाइंड उघडे पडले आहे. शेपटीच्या बाहेर उतरत असतील तर अंगण अरुंद किंवा फार आत आहे. दोन्ही हात सैल करून ते रुंद करावे. डोक्यावरून पुढे निघून मांडणीच्या पलीकडे बसत असतील तर ते पुढच्या ताज्या दाण्याकडे चालले आहेत, तेव्हा शिकाऱ्यांनीच डोक्याकडे सरकावे. एका वेळी एकच बदल करावा आणि पुढच्या दोन-तीन थव्यांवर तो पाहावा, नाहीतर कशामुळे फरक पडला ते कळत नाही.

आवरासावर

जखमी पक्षी सर्वांत आधी शोधून आणावा. कुत्रा असेल तर त्याला शेकडो पांढऱ्या पिशव्यांत खरा पक्षी ओळखण्याची सवय आधीपासून लावलेली असावी. पायात कडी सापडल्यास तिचा क्रमांक अमेरिकेच्या बर्ड बँडिंग लॅबोरेटरीला कळवावा, उत्तरात पक्ष्याला कडी कोठे आणि कधी घातली ते समजते. २०२१ च्या अखेरीपासून उत्तर अमेरिकेतील रानपक्ष्यांत एच५एन१ बर्ड फ्लू पसरलेला आहे, म्हणून साफसफाई करताना हातमोजे घालावेत, आजारी दिसणाऱ्या पक्ष्याला हात लावू नये आणि मांस आतपर्यंत ७४ अंश सेल्सियस होईतो शिजवावे. तंगड्या चिवट असतात, पण मटणाच्या वाटणात मंद आचेवर तीन तास ठेवल्या तर त्यांचा रस्सा पाहुण्यांपुढे ठेवण्याजोगा होतो. घरी पोहोचेपर्यंत प्रत्येक पक्ष्याचे डोके किंवा एक पिसांसह पंख अंगाला जोडलेला ठेवणे कायद्याने आवश्यक आहे.

चिखलाने माखलेले डिकॉय साध्या पाण्याने धुवावेत. चमक आणणारी साबणपूड वापरू नये. विंडसॉक पूर्ण वाळवूनच पिशव्यांत भरावेत, अन्यथा पुढच्या हंगामात त्यांवर काळी बुरशी दिसते. आणि शेत सोडण्यापूर्वी काठ्या मोजाव्यात. प्रत्येक पिशवीत पन्नास असा हिशेब आधीच ठेवलेला असेल तर कमी पडलेल्या दोन काठ्या शोधायला अंधार पडण्याआधी दहा मिनिटे पुरतात. त्या मातीत राहिल्या तर पेरणीच्या वेळी शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरच्या टायरात घुसतात.